कपडा दुरुस्त करावा की नवा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नारायण पेठेत आम्ही कपडे दुरुस्तीचं काम करतो. रफू, अल्टरेशन, चेन बदलणं, साड्यांची डागडुजी. गिऱ्हाईक पिशवीतून कपडा काढतं आणि पहिला प्रश्न विचारतं, "होईल का हो हे?" होतं जवळजवळ सगळंच. करावं का, हे मात्र प्रत्येक कपड्याचं वेगळं असतं, आणि ते सांगायला काउंटरवर वेळ पुरत नाही. म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत. आमच्याकडे यायच्या आधी वाचलीत तर निम्मे कपडे तुम्ही घरीच निकालात काढाल, आणि तेच आम्हाला हवं आहे.

दुरुस्ती की नवीन, हे नेमकं कशावरून ठरवायचं?

भोकाभोवतीच्या कापडावरून. भोक केवढं आहे ते नंतर बघायचं. रफू असो, ठिगळ असो की साधी टीप, दुरुस्तीचा सगळा भार शेजारच्या धाग्यांवर येतो. ते धागे दमदार असतील तर वीतभर चीरसुद्धा नीट सांधता येते. ते विरले असतील तर शेंगदाण्याएवढं भोकही बुजत नाही. भुसभुशीत भिंतीत खिळा ठोकल्यासारखं होतं: टाका तेवढा टिकतो आणि टाक्याच्या कडेनं नवं भोक पडतं.

घरी परीक्षा करायची असेल तर कपडा दिवसा खिडकीसमोर धरा. फाटलेल्या जागेची तुलना त्याच कपड्याच्या न झिजलेल्या भागाशी करा. खिशाच्या आतली बाजू, शिलाईतली माया (शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड), हेमची दुमड, इथं कापड नव्यासारखं असतं. फाटलेल्या जागेभोवती चार बोटं अंतरावरही उजेड सारखाच अडत असेल, तर कापड चांगलं आहे. जाळी धरल्यासारखं दिसत असेल, तर विरलं आहे. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड हलकेच बाहेर ताणा, एकदा उभ्या धाग्याच्या दिशेनं, एकदा आडव्या. चर्र असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली, तर तिथे शिवणं म्हणजे मजुरी पाण्यात. जुन्या रेशमावर मात्र ही ताणायची परीक्षा अजिबात करू नका. त्याबद्दल पुढे साडीच्या प्रश्नात लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट स्वतःला विचारा: फाटलं कशामुळे? बसच्या सीटच्या पत्र्याला अडकून, खिळ्याला लागून फाटलं असेल तर तो अपघात आहे, बाकी कापडाचा त्यात दोष नाही. दुरुस्त करा. घासून घासून गेलं असेल तर आजूबाजूलाही तेवढीच झीज झालेली असणार, तिथे परीक्षा कडक हवी. आणि कपडा घट्ट होत असल्यामुळे उसवला असेल, तर आधी तो सैल करून घ्या. नुसती टीप मारून दिली तर पुढच्या आठवड्यात तीच टीप पुन्हा सुटते, फक्त या वेळी कापड घेऊन.

नुसती शिलाई उसवली आहे. शिवून घेण्यासारखं आहे का?

हो, आणि लगेच. कापड शाबूत असतं, फक्त दोरा गेलेला असतो. उसवलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना बोटभर पुढेपर्यंत जुन्या शिलाईवरूनच टीप घ्या म्हणजे ती पुढे सरकत नाही.

जॉर्जेट, क्रेप, साटीन अशा घसरत्या कापडात वेगळं होतं. तिथे दोरा जागेवर असतो आणि कापडाचे धागेच शिलाईतून निसटून येतात. अशा वेळी आतून फ्यूजिंगची (इस्त्रीनं चिकटणाऱ्या अस्तराची) पट्टी लावून, थोडी माया आत घेऊन नवी शिलाई मारावी लागते. कपडा जरासा कमी होतो, एवढं धरून चला.

रफू, ठिगळ आणि फ्यूजिंग यांत काय कधी निवडायचं?

रफू म्हणजे गेलेले धागे पुन्हा विणणं. चांगला रफूगार त्याच कपड्याच्या मायेतून किंवा हेममधून धागे ओढून घेतो, आणि उभ्या-आडव्या धाग्यांची मूळ वीण जुळवत भोक भरतो. लोकरी कोट, ब्लेझर, सूटची पँट, शाल यांना रफू सगळ्यांत शोभतो, कारण लोकरीच्या पृष्ठभागावर टाके लपतात. कामाला वेळ लागतो, डोळे लागतात, म्हणून तो महाग असतो. सिगारेटची ठिणगी पडलेला लग्नातला कोट, उंदरानं कुरतडलेली शाल, इथं तो पैसा सार्थकी लागतो. पातळ एकरंगी सुती शर्टावर रफू केला तर दिसतोच. तिथे मी सरळ तसं सांगते.

ठिगळ जास्त मजबूत. झिजलेल्या जागेला ते आतून लावावं, आणि झिजलेल्या भागाच्या सगळ्या बाजूंनी दोन बोटं पुढे, चांगल्या कापडापर्यंत न्यावं. बहुतेक घरगुती ठिगळं याच कारणानं सुटतात: भोकाएवढं ठिगळ कापलेलं असतं आणि त्याची कड विरलेल्या कापडावरच येते. ठिगळाचं कापड मूळ कापडापेक्षा जाड नको. जाड ठिगळ स्वतः टिकतं आणि कडेनं मूळ कापड कापतं. सुती असेल तर लावायच्या आधी एकदा धुऊन आटवून घ्या, आणि उभा धागा उभ्याशी जुळवा.

फ्यूजिंग म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटणारं अस्तर. ते आधार म्हणून उत्तम, एकटं म्हणून कच्चं. नुसतं चिकटवून सोडलं तर गरम पाण्याच्या धुण्यात कडा सुटतात. वर चार टीपा हव्यातच.

जीन्स मांड्यांमध्ये फाटते. दर वेळी नवीन घ्यावी लागते का?

आमच्याकडे सगळ्यांत जास्त येणारं काम हेच. चालताना मांड्या घासतात, आणि पुण्यात त्यावर दुचाकीच्या सीटची भर पडते. उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: तुम्ही ती कधी आणता.

डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात. झीज सुरू झाली की निळे आधी तुटतात, म्हणून भोक पडायच्या खूप आधी तिथे पांढुरकी, लवदार जागा दिसायला लागते. ती जागा दिसली की जीन्स घेऊन या, किंवा घरी मशीन असेल तर स्वतः करा. आतून पातळ डेनिमचा किंवा जाड सुती कापडाचा तुकडा लावायचा, आणि वरून मिळत्या रंगाच्या दोऱ्यानं मागे-पुढे जवळजवळ टीपा मारत जायचं. टीपा उभ्या धाग्याच्या दिशेनं मारल्या तर कापडात मिसळून जातात. एकाच बाजूला फाटली असली तरी दोन्ही बाजूंना करा, दुसरी मागोमाग येणारच असते. दोऱ्याच्या रंगासाठी जीन्सचा नवा, गडद भाग बघू नका, त्या जागेचा आत्ताचा फिकट रंग बघा.

भोक पडून बोटभर पांढरे धागे लोंबायला लागले तरी काम होतं, फक्त ठिगळ मोठं लागतं आणि बसताना जाणवतं. दोन्ही मांड्यांत तळहाताएवढा भाग विरला असेल आणि शिवाय मागची बाजूही उजेडात जाळी दिसत असेल, तर थांबा. ती जीन्स कापून पिशवी करा, नाहीतर पुढच्या जीन्सच्या ठिगळांसाठी तिचे पाय जपून ठेवा. हे मी मनापासून सांगते, ठिगळासाठी जुन्या डेनिमसारखं कापड बाजारात मिळत नाही.

खूप ताणली जाणारी, लायक्रावाली जीन्स असेल तर अपेक्षा थोडी कमी ठेवा. तिचं कापड मुळात पातळ असतं, आणि ठिगळाची जागा ताणली जात नसल्यामुळे कडेला ओढ बसते.

शर्टाची कॉलर झिजली, बाकी शर्ट नवा आहे. काय करता येईल?

कॉलर उलटवून घ्या. कॉलरपट्टीची शिलाई उसवून वरची कॉलर काढायची, पालटून झिजलेली बाजू खाली घालायची आणि पुन्हा शिवायची. एकेकाळी प्रत्येक शिंपी हे करून द्यायचा. आता विचारावं लागतं, पण पेठांमधले जुने शिंपी अजून करतात. दोन अटी आहेत. कॉलरच्या दोन्ही बाजूंना एकच कापड हवं, आणि आतलं फ्यूजिंग फुगून फोड आलेले नसावेत. कॉलरच्या टोकांना बटणं असतील तर हे जमत नाही. आणि हे एकदाच करता येतं.

कफ झिजले असतील तर कडा आत दुमडून टीप मारता येते, किंवा पूर्ण बाह्यांचा शर्ट अर्ध्या बाह्यांचा करता येतो. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात तो जास्तच वापरला जातो.

टी-शर्टला पोटाजवळ बारीक बारीक भोकं पडतात. कसर लागली का?

बहुतेक वेळा नाही. सुती टी-शर्ट कसरीचं खाणं नव्हे. ही भोकं घासण्याची असतात: जीन्सचं बटण, पट्ट्याचा बक्कल, स्वयंपाकघरातल्या ओट्याची कड. होजिअरीची वीण फास्यांची असते, एक फासा तुटला की भोक वाढत जातं. म्हणून ते बारीक असतानाच आतून बारीक सुईनं सुटलेले फासे गोळा करून दोन टाके घाला. दहा-बारा भोकं झाली असतील तर तो टी-शर्ट घरात घाला किंवा पुसायला काढा.

लेगिंग, ट्रॅक पँट, जिमचे कपडे सैल पडले आहेत. घट्ट होतील का?

कमरेचं इलॅस्टिक गेलं असेल तर सहज बदलता येतं. स्वस्त काम आहे, नक्की करा. पण गुडघ्याला पिशवी झाली असेल, कापडच ढिलं पडलं असेल, तर आतला लायक्रा मेला आहे. उष्णता, घाम आणि जोराचं पिळणं यांनी तो तुटतो, आणि तुटलेला लायक्रा कोणीही पुन्हा जिवंत करू शकत नाही. उन्हात धरल्यावर कापडातून बारीक पांढरे केस बाहेर आलेले दिसतात, ते त्याचेच तुकडे. हा कपडा बदला. नवा कपडा गरम पाण्यात धुऊ नका, ड्रायरमध्ये घालू नका, इस्त्री करू नका.

अंतर्वस्त्रांनाही हेच लागू.

चेन बिघडली म्हणून जॅकेट किंवा बॅग टाकावी का?

नाही. चेन लावल्यावर मागून उघडत जात असेल तर दात चांगले आणि रनर ढिला झालेला असतो. नवा रनर घातला की काम झालं, पूर्ण चेन बदलावी लागत नाही. तात्पुरतं घरी करायचं तर रनरच्या दोन्ही कडा पकडीनं अगदी हलक्या दाबा. दात तुटले असतील तरच चेन बदला. अडकत चालत असेल तर दातांवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण फिरवा.

पैशाच्या दृष्टीनं परवडतं का? नवीनच स्वस्त पडतं असं वाटतं.

फॅशन स्ट्रीटला किंवा तुळशीबागेत एक चक्कर मारली की तसं वाटणं साहजिक आहे. पण तुलना दुरुस्तीच्या किमतीची नव्याच्या किमतीशी करू नका. दर वापराला किती पडतं ते बघा.

समजा, दुरुस्तीला १५० रुपये लागतात आणि त्यानंतर कुर्ता आणखी ३० वेळा घातला जाईल. म्हणजे दर वेळेला ५ रुपये. तशाच कापडाचा नवा कुर्ता १,२०० चा आणि तो १०० वेळा चालला, तर दर वेळेला १२ रुपये. दुरुस्ती करा. आता तोच कुर्ता विरलेला आहे आणि दुरुस्तीनंतर जेमतेम १० वेळा टिकेल असं धरा. दर वेळेला १५ रुपये झाले. इथे नवा घेणं बरं. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण "आणखी किती वेळा" हा आकडा प्रामाणिकपणे घाला. तो काढायलाच वरची खिडकीतली परीक्षा उपयोगी पडते. आणि तुलना तशाच कापडाशी हवी. दाट विणीचा जुना सुती कुर्ता आणि दोन धुण्यांत आकार सोडणारा नवा रेयॉनचा कुर्ता यांची किंमत शेजारी ठेवून काही कळत नाही.

पैशात न मोजलं जाणारंही एक आहे. एक किलो कापूस पिकवून कापडापर्यंत न्यायला जगभराच्या सरासरीनं सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं असा अंदाज सांगितला जातो. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या शहरात राहून मला हा आकडा विसरता येत नाही. म्हणून हिशेब अगदी समसमान आला, तर मी दुरुस्तीच्या बाजूनं झुकते.

आईची (किंवा आजीची) रेशमी साडी घडीवर चिरते आहे. वाचेल का?

या प्रश्नाला सगळ्यांत जास्त वेळ देते, कारण इथे चुकीची दुरुस्ती साडी कायमची घालवते.

आधी का चिरते ते समजून घ्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवल्यानं घडीच्या रेषेवरचे धागे वाकून वाकून तुटतात. घाम आणि ऊन रेशमाला आतून ठिसूळ करतात, म्हणून निऱ्यांची जागा, काखेजवळचा आणि खांद्यावरचा भाग आधी जातो. काही जुन्या रेशमाला वजन यावं म्हणून धातूचे क्षार दिलेले असत. ते रेशीम काळाबरोबर स्वतःच तडकत जातं, हात न लावताही.

एका घडीवरच चीर असेल आणि आजूबाजूचं कापड मऊ, लवचीक असेल, तर साडी वाचते. चिरेखाली त्याच रंगाच्या नेटची किंवा ऑर्गन्झाची पट्टी ठेवून बारीक हातटाक्यांनी ती धरून घ्यायची. मशीनची टीप नको, सुईचं प्रत्येक छिद्र ठिसूळ रेशमात नवी चीर सुरू करतं. रफूही इथे जपून, कारण तो शेजारच्या धाग्यांना ओढतो.

अंगाला जागोजागी चिरा असतील आणि चिमटीत धरताच कापड कागदासारखं फाटत असेल, तर ती साडी नेसायची म्हणून वाचवू नका. काठ आणि पदर बघा. जरीचे काठ बहुतेक वेळा अंगापेक्षा जास्त टिकतात. ते उतरवून नव्या रेशमावर लावता येतात. पैठणीचं काम हातमागावर वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणलेलं असतं, अस्सल पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो. असा पदर शाबूत असेल तर त्याला कात्री लावायच्या आधी दहा वेळा विचार करा. पूर्ण पदर अस्तरावर चढवून फ्रेम करता येतो, दुपट्टा होतो. उरलेल्या चांगल्या भागातून नातीला परकर-पोलकं, रुखवताची पिशवी, देवाचं आसन. घरातल्या चौघींना एकेक तुकडा मिळाला तर तेही चांगलंच.

जुनी जरीची साडी दारावर आलेल्या माणसाला वजनावर देऊ नका. जुन्या खऱ्या जरीत चांदीची तार असते, नव्या स्वस्त जरीत तांबं किंवा प्लॅस्टिकची पट्टी. ओळखीच्या सराफाकडे एक धागा दाखवून घ्या, मग ठरवा.

आणि जी साडी अजून चांगली आहे ती आजच कपाटातून काढा. हँगरवर लटकवू नका. जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा, वर्षातून दोन-तीनदा घडी वेगळ्या जागी मोडा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, पावसाळ्यातली दमट हवा आत कोंडते आणि जर काळी पडते.

सुती नऊवारी किंवा पातळ मधोमध विरलं आहे, कडा चांगल्या आहेत. काही उपाय?

दंड घाला. विरलेला मधला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन चांगले तुकडे एकमेकांना जोडायचे. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी लुगडी अशीच दुप्पट काळ वापरली. जोड नेसताना आत जाईल अशा जागी ठेवावा. नऊवारीत लांबी भरपूर असते, त्यामुळे अशी कापलेली नऊवारी सहावारी म्हणून सहज नेसता येते.

स्वेटरला, शालीला कसर लागली आहे. ठेवायची का?

कसरीची अळी लोकर आणि रेशीम खाते, अॅक्रिलिक नाही. भोकं दुरुस्त करायच्या आधी अळी मारा, नाहीतर रफू केलेल्या जागेशेजारी पुन्हा भोक पडेल. कपडा कडक उन्हात उलटा-सुलटा वाळवून ब्रशनं झटका, किंवा हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. मग विणकामाचे सुटलेले फासे सेफ्टीपिनमध्ये अडकवून ठेवा आणि तसाच घेऊन या. भोकं थोडी असतील तर स्वेटर नक्की वाचतो. पुण्यातली थंडी थोडे दिवस असते, चांगला लोकरी स्वेटर त्या हिशेबानं अनेक वर्षं पुरतो. ठेवताना धुऊनच ठेवा. घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली लोकर कसरीला जास्त आवडते.

रेनकोट गळतो. जूनमध्ये नवा घ्यावा का?

मेमध्येच बघा. आतल्या बाजूला हात फिरवा. चिकट लागत असेल, पापुद्रे निघत असतील, तर आतला लेप गेला. ओल आणि उष्णता मिळून तो लेप कुजवतात. त्यावर दुरुस्ती नाही, रेनकोट बदला. लेप चांगला असून फक्त शिलाईवरची टेप सुटली असेल, तर नवी टेप लावता येते आणि रेनकोट आणखी काही पावसाळे जातो. खरचटून पडलेल्या छोट्या भोकाला आतून पॅच पुरतो. शिवू मात्र नका, प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला नवी वाट. सप्टेंबर संपला की पूर्ण वाळवून, शक्यतो घडी न करता लटकवून ठेवा.

सनकोट आणि स्कार्फ लवकर का विरतात?

ऊन. दुचाकीवर रोज तासभर बसणारीचा सनकोट खांद्यांवर आणि मनगटांवर आधी फिका पडतो, मग तिथेच फाटतो. उन्हानं धागाच कमकुवत झालेला असतो, त्यामुळे खांद्यावर फाटलेला सनकोट शिवू नका. खिसा, चेन, बाहीचं टोक एवढंच गेलं असेल तर दुरुस्त करा.

शाळेचा गणवेश दर वर्षी नवा घ्यावा का?

मुलं वाढतात, कापड तेवढं झिजत नाही. हेममध्ये आणि बाजूच्या शिलाईत माया असेल तर उंची आणि रुंदी दोन्ही वाढवता येते. जुन्या दुमडीची रेषा दिसते, त्यावर लेस किंवा टीप टाकता येते, शाळेला चालत असेल तर. गुडघ्याला फाटलेली पँट आतून ठिगळ लावून टीपांनी भरली तर वर्ष निघतं. वर्ष संपल्यावर चांगला गणवेश सोसायटीतल्या धाकट्या मुलाला द्या. यात कमीपणा वाटून घेऊ नका, मुलांना आपण वाटून घेतला तरच वाटतो.

कपडा चांगला आहे पण रंग उडाला, डाग गेला नाही, गोळे आले.

गोळे यंत्रानं किंवा दाढीच्या नव्या ब्लेडनं अलगद काढता येतात. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात ते पुन्हा येतात, कारण पॉलिएस्टरचा मजबूत धागा गोळा धरून ठेवतो. सुती, रेशमी कपडा गडद रंगात रंगवून घेता येतो, पॉलिएस्टर घरगुती रंगात रंगत नाही. डागावर भरतकाम किंवा खिसा बसवता येतो. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं कपडे निस्तेज आणि कडक झाले असतील, तर शेवटच्या पाण्यात थोडा व्हिनेगर घालून बघा, कधी कधी तेवढंच पुरतं.

आजी म्हणते अंगावर असताना कपडा शिवू नये.

आजीचं ऐका. सुई टोचते आणि कापड ताणलेल्या अवस्थेत शिवल्यानं टीप वाकडी येते. दोन मिनिटं कपडा उतरवा.

दुरुस्तीचं सामान पुण्यात कुठे मिळेल?

बटणं, चेन, रनर, इलॅस्टिक, दोरे, लेस, फ्यूजिंग, अस्तर यांसाठी रविवार पेठ. बोहरी आळी आणि आसपासच्या गल्ल्यांत एका सकाळी सगळं मिळतं, आणि घाऊक दुकानांत थोडा माल मागितला तरी बरेच जण देतात. एक-दोन वस्तूच हव्या असतील तर तुळशीबाग पुरे. कपड्याचा तुकडा बरोबर न्या, रंग आठवून आणू नका, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तर हमखास चुकतो.

दुरुस्तीला कधी द्यावं?

गणपती, दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी शिंप्यांकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. पितृपक्षात बरीच घरं नवे कपडे घेत नाहीत, तेव्हा आमच्याकडे गर्दी कमी असते आणि नाजूक कामाला हात निवांत असतो. साड्या आणि कोट तेव्हा आणा. कपडा धुऊन आणा. मळलेल्या कपड्यावर इस्त्री फिरली की डाग पक्का होतो. तुटलेलं बटण, सुटलेला तुकडा सापडला तर तोही पिशवीत टाका.

नवा कपडा घेताना तो पुढे दुरुस्त होईल का, हे कसं बघायचं?

उलटा करून बघा. शिलाईत किमान अर्धा इंच माया आहे का, की ओव्हरलॉकच्या कडेलाच कापड संपतं? बटणं मशीनच्या एका दोऱ्यावर लोंबत आहेत का? जादा बटण दिलं आहे का? कापड उजेडात धरा. नव्यानंच जाळी दिसत असेल तर ते दुरुस्तीपर्यंत पोचणारच नाही.

टाकायचंच ठरलं. आता कुठे द्यायचं?

आधी बटणं, चेन, लेस काढून घ्या. सुती कापड पुसणी म्हणून कापून ठेवा, पॉलिएस्टर पाणी शोषत नाही म्हणून त्याची पुसणी करू नका. मऊ जुन्या सुती साड्या गोधडीसाठी द्या. विरलेलं कापडही गोधडीत चालतं, कारण थरांवरून धावदोरा दाट घातल्यावर भार एकट्या कापडावर राहत नाही. घालण्याजोगे कपडे स्वच्छ धुऊन बोहारणीला दिले तर ते पुढे विकले आणि वापरले जातात. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या 'व्ही-कलेक्ट' उपक्रमातही जुने कपडे घेतात. देताना फाटके आणि घालण्याजोगे असे दोन गठ्ठे वेगळे बांधा आणि वर चिठ्ठी लावा. ओल्या कचऱ्यात कपडा टाकू नका. ओला, कुबट कपडा कोणाच्याच कामाचा राहत नाही, आणि तो हातानं वेगळा काढावा लागतो.